उजवीकडची गाठ

राबेनच्या तळ्यावर सकाळी वारा नसतो. दुपारी तो खिंडीतून खाली उतरतो, आणि तो अचानक येतो असं फक्त पाहुण्यांना वाटतं. तळ्यावरच्या माणसांना तो आधी वासावरून कळतो, वरच्या कुरणांतल्या कापलेल्या गवताच्या. त्यामुळे जूनमधल्या त्या दुपारी लाल शिडाची एक फळी सरळ आपल्या होडीवर चालून येते आहे हे बुर्गीला दिसलं, तेव्हा तिला वाऱ्याचा राग आला नाही. फळीवर उभ्या असलेल्या माणसाचा आला.

“ए लाल शीड! बाजूला हो!”

लाल शीड बाजूला झालं नाही. बुर्गीची होडी पसरट, लाकडी, मागे उभं राहून वल्हवायची. तिच्यात त्या वेळी हॅनोव्हरहून आलेली दोन कुटुंबं, त्यांचा म्हातारा कुत्रा आणि टोपलीभर ताजा श्ट्रूडल, पातळ पारीत सफरचंद गुंडाळून भाजलेला. अशी होडी काही टाचेवर गर्रकन वळत नाही. धडक तशी हलकीच बसली, पण कुत्रा भुंकला, बायका किंचाळल्या, आणि टोपली... टोपली अगदी सावकाश कलंडून पाण्यात गेली.

मग पाण्यातून एक डोकं वर आलं. ओले केस, उन्हानं सोललेलं नाक, आणि तोंडभर हसू. हसू!

“वल्ह्यानं शिडाला वाट द्यायची असते,” डोकं म्हणालं. “नियम आहे.”

“नियम? तुझ्या त्या फळीला शिकव नियम! माझा श्ट्रूडल बुडवलास तू!”

“बुडला कुठे? तो बघ, तरंगतोय.” त्यानं हात लांब करून एक भिजलेला तुकडा उचलला आणि — खाल्ला. “दालचिनी जरा कमी पडलीय.”

नियमानं तो बरोबर होता. हीच तर चीड होती. बुर्गीनं वल्हं असं आपटलं की त्याच्या हसऱ्या तोंडावर पाणी उडालं, आणि हॅनोव्हरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. भांडणसुद्धा सहलीतच धरलेलं आहे असं त्यांना वाटलं असावं.

त्याचं नाव क्विरिन. पलीकडच्या काठावरच्या शीडशाळेत उन्हाळ्यापुरता आलेला नवा मास्तर, मूळचा सरहद्दीपलीकडच्या बव्हेरियातल्या एका मोठ्या तळ्यावरचा. मोठ्या तळ्यावरच्या माणसांना लहान तळ्यावर वागायची अक्कल नसते, असं बुर्गीचं त्याच संध्याकाळी ठाम मत झालं. तिनं ते भावाला, म्हणजे हार्टलला, जेवताना तीनतीनदा ऐकवलं. हार्टल शांतपणे बटाटे सोलत राहिला. बहिणीच्या नाकावरचा राग त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. आईबापांमागे होडीघर चालवायचं तर दोघांपैकी कोणीतरी रागीट असणं सोयीचंच पडे.

दुसऱ्या दिवशी क्विरिन फळीवरून आला. एका हातात शीड, दुसऱ्या हातात बेकरीची पिशवी.

“नुकसानभरपाई,” तो म्हणाला.

बुर्गीनं पिशवीत डोकावून पाहिलं. “मनुका जास्त आहेत.”

“उद्या कमी आणतो.”

“उद्या येऊ नकोस.”

तो आला. परवाही आला. मनुका कमी झाल्या तर बुर्गी म्हणे, पारी जाड आहे. पारी पातळ झाली तर म्हणे, हे सफरचंद आहे की बटाटा? तळ्याच्या मधोमध तो तिच्या होडीभोवती उगाच गोल गोल फिरे आणि ती वल्हं उगारून त्याला हाकलून लावी. पोहणारे थांबून बघत. उभ्यानं फळी वल्हवायला शिकणाऱ्या पाहुण्यांचा तोल जाई. एकदा तो आला नाही, शाळेची स्पर्धा होती म्हणून, तर ती दिवसभर सगळ्यांच्या अंगावर धावून गेली आणि हार्टलनं तिला विचारलं, “आज श्ट्रूडल नाही वाटतं?” त्यावर तिनं त्याच्यावर ओली लाईफ जॅकेटं फेकली. एक नाही, सगळी.

जुलैमध्ये एका दुपारी काठावरचे नारिंगी दिवे लुकलुकायला लागले. ते लागले की वादळ येतंय, सगळ्यांनी काठ गाठायचा, हे तळ्यावरच्या बदकांनाही कळतं. पाहुण्यांना कळत नाही. दोन पायडल होड्या मधोमध अडकल्या होत्या आणि त्यातली माणसं दिव्यांचे फोटो काढत बसली होती. बुर्गी शिव्या देत निघाली. तिकडून लाल शीड निघालं. दोघांनी एकेक होडी ओढत आणली, आणि शेवटची दोरी होडीघराच्या खांबाला गुंडाळेपर्यंत पाऊस असा कोसळला की समोरचा डोंगर पुसला गेला.

पाहुणे गरम चहा प्यायला वर पळाले. होडीघराच्या छपराखाली दोघंच उरली. पाणी निथळणारी, धापा टाकणारी.

“तुला एकट्यानं फळीवरून जायची काय गरज होती?” बुर्गी कडाडली. “वीज पडली असती म्हणजे? शिडाची काठी डोक्यावर घेऊन पाण्यात उभा राहतोस, शाळेत हेच शिकवतोस का?”

“तू गेलीसच ना.”

“माझं तळं आहे!”

“हो... आणि तू एकटी गेलीस. म्हणून मी निघालो.” तो हे हसून बोलला नाही. तिच्या गालाला चिकटलेली एक ओली बट त्यानं बोटानं बाजूला करायला हात उचलला आणि मध्येच थांबला. “बुर्गी, रविवारी शेवटच्या फेरीनंतर... मी तुझ्या धक्क्यावर येईन. तुला काहीतरी विचारायचंय.”

“आत्ता विचार.”

“आत्ता तू रागात आहेस.”

“मी रविवारीही रागातच असेन!”

“चालेल,” तो म्हणाला, आणि पावसातच काठाकाठानं चालत निघून गेला. बुर्गी खांबाला टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. रविवारला किती दिवस उरलेत ते तिनं बोटांवर मोजलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

इथे एक सांगून टाकायला हवं. या डोंगरांत, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना, सणावारी बायका जो झगा घालतात, त्यावर एप्रन असतो, आणि त्या एप्रनच्या बंदांची गाठ सहज म्हणून कुठेही बांधत नाहीत. डावीकडे असली तर पोरगी मोकळी. उजवीकडे असली तर ती दिलेली, कुणाच्या तरी नावाची, बाकीच्यांनी टोपी उचलून आपली वाट धरावी. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बुर्गी मात्र रविवारी गाठ उजवीकडे बांधायची. रविवारी पलीकडच्या देवळात जाणारी वऱ्हाडं तिच्या होडीतून जात, त्यांना नावाडीण झग्यातच हवी असे, आणि उभ्यानं वल्हवताना वल्ह्याचा दांडा दर हिसक्याला डाव्या कमरेवर घासतो. एकदा गाठ दांड्यात अडकून ती नवरीसकट पाण्यात पडता पडता वाचली होती. तेव्हापासून वल्ह्याच्या दिवशी गाठ उजवीकडे. अख्ख्या गावाला याचं कारण माहीत होतं. आणि गावाला माहीत म्हणजे जगाला माहीत, असं तिनं गृहीत धरलेलं. या एका बाबतीत ती ठार मूर्ख होती.

रविवारी ती शेवटचं वऱ्हाड उतरवून धक्क्याला लागली, तेव्हा क्विरिन तिथे उभा होता. केस विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. हातात पिशवी नव्हती, कुरणातली फुलं होती. बुर्गीनं दोरी त्याच्याकडे फेकली, त्यानं ती झेलली, आणि ती होडीतून धक्क्यावर उडी मारून सरळ उभी राहिली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली आली... कमरेपाशी थांबली... आणि तिथेच विझली.

“काय?” ती म्हणाली. “विचार ना.”

“नाही... काही नाही.”

“फुलं कुणाला?”

त्यानं फुलांकडे असं पाहिलं जणू ती कुणी दुसऱ्यानं त्याच्या हातात कोंबली होती. “ही... देवळात ठेवायची आहेत. तुम्ही कामात आहात. येतो मी.”

तुम्ही! तळ्यावर वल्हं धरणारा आणि शीड धरणारा एकमेकांना तूच म्हणतात. तुम्ही म्हणतात ते पाहुण्यांना, डॉक्टरांना आणि ज्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्यांना. बुर्गीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दोरी खांबाला इतकी करकचून बांधली की सोमवारी हार्टलला ती सुरीनं कापावी लागली.

ऑगस्ट असाच गेला. लाल शीड आता तिच्या होडीपासून लांबून जाई. समोरासमोर आलाच तर तो मान लववी, “नमस्कार, वारा छान आहे,” म्हणे, आणि ती उत्तर देई, “तुम्हाला असेल.” श्ट्रूडल बंद. भांडण बंद. भांडण बंद झालं हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. रात्री उशीवर डोकं ठेवलं की ती त्याला मनातल्या मनात अशी झापायची, अशी झापायची... आणि मग डोळे पुसायची. मग डोळे पुसावे लागले म्हणून पुन्हा झापायची.

“त्याच्या मोठ्या तळ्यावरून बोलावणं आलंय म्हणे,” एका सकाळी काठावरची चहाची टपरी चालवणारी रोझल मावशी ओरडली. “काठ्यांचा सामना झाला की चाललाय.”

“जाऊ दे!” बुर्गी म्हणाली. “वाटेत बुडला तरी चालेल.”

“रडतेस काय, पोरी?”

“कांदा चिरतेय.”

तिच्या हातात कांदा नव्हता, बादली होती. मावशीला ते दिसलं, पण ती शहाणी बाई, कपबशा विसळायला लागली.

काठ्यांचा सामना हा राबेनचा उन्हाळ्याचा शेवटचा सण. दोन होड्या समोरासमोर सोडायच्या, प्रत्येकीत वल्हेकरी बसलेले, मागच्या टोकाला बाहेर काढलेल्या फळीवर एकेक माणूस उभा, हातात टोकाला कापडी गोळा बांधलेली लांब काठी. ज्यानं दुसऱ्याला पाण्यात लोटलं तो जिंकला. अंगावर सणाचेच कपडे हवेत, भिजले तर भिजले. यंदा होडीवाले विरुद्ध शीडशाळा. होडीवाल्यांकडून हार्टल. शाळेकडून — कोण असणार? क्विरिन.

सणाच्या सकाळी हार्टलनं बिअरचं पिंप उचलायला जाऊन मनगट मुरगळून घेतलं.

“मी उभी राहते,” बुर्गी म्हणाली.

होडीवाल्यांचा म्होरक्या कोर्बिनियान, पांढऱ्या मिशांचा, खाकरला. “अगं, फळीवर आजवर बाई कधी—”

“काका, उभी राहते म्हणाले. विचारलं नाही.”

कोर्बिनियाननं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मिशी चावली. “त्या मास्तराशी काही वैर आहे का तुझं?”

“आहे.”

“मग राहा उभी,” तो म्हणाला. वैर म्हटल्यावर त्याला ते रीतसर वाटलं.

रोझल मावशीनं तिला झगा चढवला, एप्रन बांधला. “आज वल्हं तुझ्या हातात नाही,” मावशी म्हणाली, “तेव्हा गाठ आपली नेहमीच्या जागी घालते.” बुर्गीचं लक्षच नव्हतं. ती खिडकीतून पलीकडे पाहत होती. लाल शीड उतरवून, घडी घालून, गाडीच्या टपावर बांधलेलं होतं. म्हणजे खरंच. सामना संपला की हा गाडीत बसणार, खिंड ओलांडणार, आणि त्या रविवारी काय विचारायचं होतं ते तिला मरेपर्यंत कळणार नाही. आज त्याला पाण्यात घातल्याशिवाय सोडायचा नाही. निदान तेवढं तरी.

बँड वाजला. होड्या सुटल्या.

फळीवर पाय रोवून बुर्गी उभी होती, काठी काखेत आडवी दाबून. समोर तो, पांढऱ्या सदऱ्यात. तिला फळीवर बघताच त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

“तुम्ही?”

“मी! घाबरलात?”

“तुम्हाला लागेल...”

“तुमची काळजी तुमच्या तळ्यावर घेऊन जा!”

पहिल्या खेपेला काठ्या नुसत्या खटकन आपटल्या. दोघंही डगमगली, दोघंही टिकली. काठावर आरडाओरडा झाला. होड्या वळल्या. दुसऱ्या खेपेला तिनं काठी दोन्ही हातांनी उंच धरली, डावी बाजू पुढे करून, आणि वल्हेकऱ्यांना ओरडली, “जोरात! जीव नाही का हातात?”

होड्या जवळ आल्या. क्विरिनची काठी तिच्या छातीच्या रोखानं होती, नेम पक्का. आणि तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. तिच्या डाव्या कमरेवर, वाऱ्यावर फडफडणारी, निळ्या बंदांची भली मोठी गाठ.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. काठी खाली आली.

बुर्गीला वाटलं, हा आपल्यावर दया करतोय. बाई म्हणून मुद्दाम हरतोय! अंगाचा तिळपापड झाला. तिनं सगळा जून, सगळा जुलै, सगळा ऑगस्ट त्या काठीत घातला आणि ढकललं.

धप्प! लाटच आली. काठ टाळ्यांनी दणाणला.

“काठी का खाली घेतलीस?” ती फळीवरून ओरडली. “लढायचं तर नीट लढ! मला भीक नकोय!”

तो वर आला, पाणी थुंकला, आणि तिच्याकडे नाही, तिच्या कमरेकडे बोट दाखवत राहिला. “गाठ! तुझी गाठ डावीकडे आहे!”

“मग कुठे असणार?”

“उजवीकडे! त्या रविवारी उजवीकडे होती! मी पाहिली ना! मी... मला वाटलं तू कुणाची तरी... ठरलेली...”

एक क्षण बुर्गीला काही कळलंच नाही. मग कळलं. सगळं एकदम कळलं — ती विझलेली नजर, ती फुलं, ते तुम्ही, तो कोरडा नमस्कार. आणि आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग तिला आला.

“वल्हं घासतं म्हणून!” ती किंचाळली. “वल्हं घासतं डावीकडे, गाढवा! अख्ख्या गावाला माहीत आहे!”

“मी गावचा नाही!”

“तोंड नव्हतं विचारायला?”

“काय विचारू? ‘कुणाची गं तू’ असं? त्या सदऱ्यात, हातात फुलं धरून?”

एवढ्या लांबून नीट भांडता येईना. शब्द वाऱ्यावर जात होते, मध्ये बँड वाजत होता. तेव्हा बुर्गीनं काठी फेकून दिली, नाक दाबलं, आणि झग्यासकट पाण्यात उडी मारली.

राबेनचं पाणी ऑगस्टमध्येही बर्फाचंच असतं. श्वास अडकला. झगा फुगून तिच्याभोवती तरंगायला लागला. ती हात मारत त्याच्यासमोर आली आणि त्याच्या छातीवर एक बुक्की ठेवून दिली.

“महिनाभर! महिनाभर मला तुम्ही म्हणालास! मी... मी रडले, माहितीये? कांदा नसताना रडले! आणि आता शीड बांधून निघालास!”

“तुझ्या समोरून रोज टोपी उचलून जायचं,” तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज चढला होता, “मला काय मजा वाटत होती? तुला बघायचं आणि वारा छान आहे म्हणायचं! मला इथे राहवेना, बुर्गी. म्हणून निघालो होतो.”

पहिल्यांदाच तो रागावलेला तिला दिसत होता. सोललेलं नाक लाल झालेलं, ओठ थंडीनं निळे. किती छान रागावतो हा, तिच्या मनात आलं.

“काय विचारायचं होतं त्या रविवारी?” ती जरा हळू म्हणाली.

“की... रोज भांडायला येऊ का? उन्हाळा संपल्यावरही.”

तिचे दात वाजत होते. “त्यांना कळव, तू येत नाहीस म्हणून. त्या तुझ्या मोठ्या तळ्याला.”

“हा हुकूम आहे की विनंती?”

“राग आहे!” ती म्हणाली. “मला तू आवडतोस, जूनपासून आवडतोस, आणि त्याचा मला भयंकर राग आहे. कळलं?”

“कळलं,” क्विरिन म्हणाला, आणि पाण्याखाली त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

वर होडीत कोर्बिनियान कर्ण्यातून ओरडत होता, “जो ओला झाला तो हरला! दोघंही हरली! लोकहो, यंदा कुणीच जिंकलं नाही!” काठावरून रोझल मावशीनं उत्तर दिलं, “आंधळा आहेस का रे, कोर्बिनियान?” आणि सगळं गाव हसायला लागलं.

दोघं धक्क्यावर चढली. मावशीनं घोंगडी आणली, एकच आणली, मुद्दाम. बुर्गी कुडकुडत उभी राहिली, आणि मग कुणाकडेही न बघता तिनं एप्रनची ओली गाठ सोडली. बंद उजवीकडे घेतले. बोटं गारठली होती, गाठ काही बसेना.

“आण इकडे,” क्विरिन म्हणाला.

“तुला येते का?”

“शीड बांधतो रोज.”

तो गुडघ्यावर बसला आणि तिच्या उजव्या कमरेवर गाठ बांधायला लागला. त्याचीही बोटं गारठलेलीच. एक बंद लांब राहिला, एक आखूड, फास वाकडा झाला. अख्खं गाव बघत होतं. बँडवाले वाजवायचे थांबले होते.

“ही काय गाठ आहे?” बुर्गी म्हणाली. “हिच्यानं एक पायडल होडी बांधली जायची नाही. शाळेत मुलांना हेच शिकवतोस? आणि इतकी सैल? घरी पोचेपर्यंत सुटेल ती...”

ती सगळ्या वाटेनं त्या गाठीवरून त्याला बोलत गेली. गाठ मात्र तिनं पुन्हा बांधली नाही, आणि घरी पोचेपर्यंत हातानं घट्ट धरून ठेवली.